चाक घूं करतंय म्हणतेस, तर ऐक

छकुले, "गाडी कसलातरी आवाज करतेय" एवढंच घेऊन गॅरेजमध्ये कधी जाऊ नकोस. हे तुला कानात सांगतेय. लग्न झाल्यापासून मी सासरच्या गॅरेजच्या गल्ल्यावर बसते, बिलं कशी तयार होतात ते रोज समोर बघते. गिऱ्हाईक आवाज कसा सांगतं, त्यावर अर्धं बिल ठरतं. "साठच्या पुढे घूं येतो, उजवीकडे वळताना वाढतो, क्लच दाबला तरी थांबत नाही" असं जी बाई सांगते, तिच्या गाडीचं एकच चाक खोललं जातं. जी म्हणते "काहीतरी वाजतंय हो, बघा जरा", तिच्या गाडीत जे जे जुनं दिसेल ते बदललं जातं. त्यात दर वेळी लबाडीच असते असं नाही. आवाज शोधायला वेळ लागतो, पार्ट बदलायला त्याहून कमी. दारात गाड्यांची रांग लागली की कुणीही सोपी वाट धरतो.

तुला तर तुझ्या गॅरेजवाल्यांनी चारही टायर बदलायला सांगितले, आणि वर "साहेबांना पाठवून द्या" म्हणाले. आता मला सांग, गाडी रोज चालवतेस तू, आवाज ऐकतेस तू, आणि साहेब येऊन काय सांगणार? चिडू नकोस. तुझ्याकडे नेमकं बोलणं असलं की तोच माणूस तुझ्याशी नीट बोलायला लागतो, हे मी गल्ल्यावरून कितीदा पाहिलंय.

तू फोनवर जे सांगितलंस त्यावरून मला चाकाचं बेअरिंग गेल्यासारखं वाटतंय. पण फोनवरून मी काही बदलायला सांगणार नाही. ओळखायचं कसं ते सांगते, ओळख तू.

आधी ही वस्तू काय आहे ते समजून घे, म्हणजे पुढचं पाठ करावं लागणार नाही. चाक ज्याला नटांनी आवळलेलं असतं तो हब. हब चाकाबरोबर फिरतो. त्याला धरून ठेवणारा लोखंडी भाग, ज्याला आमची पोरं 'नकल' म्हणतात, तो फिरत नाही. या फिरणाऱ्या आणि न फिरणाऱ्याच्या मधे बेअरिंग बसतं. पोलादाची दोन कडी, एक आतलं, एक बाहेरचं. त्यांना रेस म्हणतात. दोन्हींच्या मधे छर्र्यांच्या दोन ओळी, छर्रे एकमेकांना घासू नयेत म्हणून पिंजरा, सगळ्यात भरलेलं ग्रीस, आणि ग्रीस आत नि पाणी बाहेर राहावं म्हणून दोन्ही बाजूंना रबरी सील. बस, एवढंच. तुझ्या लहान गाडीत माणसं बसली की एकेका चाकावर अडीचशे-तीनशे किलोचा भार येतो, आणि ताशी 80 किलोमीटरला ते चाक मिनिटाला सुमारे सातशे फेरे घेतं. एवढं सगळं त्या मूठभर छर्र्यांवर चालतं. नीट बसवलेलं बेअरिंग तरी लाखभर किलोमीटर कुरकुर न करता जातं. पोलाद चांगलंच असतं गं, त्याची वाट आपले रस्ते आणि पाणी लावतात.

खड्ड्यात चाक आपटलं की छर्रे रेसवर ठोकले जातात आणि तिथे डोळ्यांना दिसणारही नाहीत असे खळगे पडतात. फुटपाथच्या कडेवर चाक चढवून गाडी लावायची तुझी सवय आहे ना, त्यानेही तेच होतं. छर्र्यांच्या बेअरिंगसाठी इंजिनियर लोकांचा एक हिशोब आहे: भार दुप्पट झाला की आयुष्य निम्मं नाही, आठव्या हिश्श्यावर येतं. आठ माणसं कोंबून डिक्कीत तांदळाची पोती घालून गावाला जाणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं.

पाण्याचं गणित वेगळं. बराच वेळ चालवल्यावर बेअरिंग तापलेलं असतं, आतली हवा पसरलेली असते. तशीच गाडी साचलेल्या पाण्यात घातली की बेअरिंग एकदम थंड होतं, आतली हवा आकसते आणि सीलच्या कडेने पाणी आत ओढलं जातं. मुंबईत 26 जुलै 2005 ला किंवा चिपळूणला जुलै 2021 मध्ये ज्या गाड्या पाण्याखाली गेल्या, त्यांची इंजिनं तर लोकांनी खोललीच. पण बुडालेल्या गाडीची चाकं ऐकायचं बरेच जण विसरतात. पाणी शिरलेलं बेअरिंग त्या दिवशी काही बोलत नाही. आत गंज धरतो, ग्रीस पांढरट होतं आणि काही महिन्यांनी आवाज सुरू होतो. तोवर पाऊस कुणाच्या लक्षातही नसतो.

एकदा रेसवरची पोलादाची खपली निघाली की छर्रा दर फेरीला त्या खड्ड्यावरून जातो. निघालेली खपली ग्रीसमध्ये फिरून दुसरीकडे ओरखडे पाडते. म्हणून हा आवाज आपोआप बरा होत नाही. आज कमी वाटला तर रस्ता वेगळा असेल किंवा गाण्याचा आवाज मोठा असेल, एवढंच.

आता कान लाव. गाडीचे आवाज खूप, पण चाकाच्या आसपास नेहमी येणारे चार-पाचच. गेलेल्या बेअरिंगचा आवाज सलग असतो. सुरुवातीला बारीक घूं, पुढे पुढे रिकामं जातं ओढल्यासारखी घरघर. तो वेगाबरोबर चढतो आणि वेगाबरोबर उतरतो. पाय दाबून एक्सलरेटर दिला म्हणून वाढत नाही, चाक जोरात फिरलं म्हणून वाढतो. हा फरक पकडायला मोकळ्या, सपाट रस्त्यावर साठच्या वेगात असताना क्लच पूर्ण दाब. इंजिनाचा आवाज खाली येईल. घूं तसाच राहिला तर इंजिनाला क्लीन चिट. चावी मात्र बंद करायची नाही, स्टिअरिंग जड होतं नि ब्रेकची मदत जाते. आणि हा खेळ घाटाच्या उतारावर तर मुळीच करायचा नाही.

दुसरा संशय टायरवर, आणि तो घेणं बरोबरच आहे, कारण वेडंवाकडं झिजलेलं टायर अगदी असाच आवाज करतं. त्याची परीक्षा रस्ता घेतो. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग काँक्रीटचा आहे, तिथून डांबरी रस्त्यावर उतरलीस की टायरचा आवाज एकदम बदलतो, कमी होतो. बेअरिंगला वर काँक्रीट आहे की डांबर याच्याशी देणंघेणं नसतं. मग गाडी थांबवून, टायर गार असताना, त्याच्या नक्षीवरून तळहात फिरव, एकदा पुढे, एकदा मागे. एका दिशेने गुळगुळीत आणि उलट दिशेने करवतीसारखं लागलं, किंवा उंचसखल लागलं, तर टायरचं झिजणं आहे. खात्रीच हवी तर पुढची चाकं मागे आणि मागची पुढे करून घे. पंक्चरवालाही करून देतो. आवाज जागा बदलून मागे गेला तर टायर. जागेवरच राहिला तर बेअरिंग. चार नव्या टायरांचे पैसे मोजण्याआधी एवढी तपासणी तर करशील ना?

वळताना कट-कट-कट असा तुटक आवाज आला, विशेषतः स्टिअरिंग पूर्ण फिरवून गाडी काढताना, तर तो ड्राइव्ह शाफ्टच्या टोकाचा जॉइंट. ब्रेक लावल्यावर आवाज सुरू होतो किंवा बंद होतो, तर आधी ब्रेक पॅड बघायचे. खड्ड्यातून जाताना खडखड वाजलं तर सस्पेन्शन. हे वाटून ठेवलंस की घूं तेवढा उरतो.

आता बाजू. गाडी वळते तेव्हा भार बाहेरच्या बाजूच्या चाकांवर जातो. उजवीकडे वळलीस की डावी चाकं दाबली जातात. म्हणून उजव्या वळणावर आवाज वाढला तर संशय डाव्या चाकावर, डाव्या वळणावर वाढला तर उजव्यावर. आपल्याकडे गोल चौकात गाडी सलग उजवीकडे वळत राहते, तेव्हा पहाटे रिकामा मोठा चौक सापडला तर डाव्या बाजूची परीक्षा तिथे छान होते. उजव्या बाजूसाठी लांब डावं वळण शोध. हमरस्त्यावर नागमोडी गाडी चालवून बघू नकोस, मागून येणाऱ्याला काय कळणार तू काय तपासतेस ते! एक मात्र सांगून ठेवते. छर्र्यांच्या दोन ओळी असतात, त्यातली कुठली खराब झाली त्यावर कधीकधी हे उलटही होतं. तेव्हा वळणाची खूण धरायची, पण तिच्यावर निकाल द्यायचा नाही. पुढचं की मागचं, हे तर ड्रायव्हरच्या सीटवरून धड कळतच नाही, आवाज पत्र्यातून पळतो. तुझ्या नवऱ्याला चालवायला दे आणि तू मागे बस. घे, साहेबांचाही उपयोग झाला.

आता हात लावायची वेळ. सपाट जागा, हँडब्रेक ओढलेला, जमिनीवर राहणाऱ्या चाकांना पुढून-मागून दगड किंवा लाकडाचे ठोकळे. आधी पुढचं चाक उचलून बघू. गाडीसोबत मिळणारा जॅक पंक्चर काढण्यापुरता आहे. त्याच्या भरवशावर गाडीखाली हात-डोकं घालायचं नाही. जॅकने उचलून खाली पक्का जॅक-स्टँड दे. स्टँडच्या जागी विटा रचल्यास तर मी तुझ्याशी बोलणार नाही, वीट काही न सांगता फुटते. मागचं चाक उचलशील तेव्हा हँडब्रेक मागच्याच चाकांना धरतो, ते फिरवायला तो सोडावा लागतो. म्हणून पुढची चाकं आधी नीट अडव आणि गाडी पहिल्या गिअरमध्ये ठेव.

उचललेलं चाक घड्याळाच्या बाराच्या नि सहाच्या जागी दोन्ही हातांनी धर आणि वरून ढकल, खालून ओढ, मग उलट. टक-टक लागलं तर खेळ आहे, आमच्याकडे 'प्ले' म्हणतात. मग तीन आणि नऊच्या जागी धरून तेच कर. बारा-सहाला प्ले असेल तर संशय बेअरिंगवर किंवा खालच्या बॉल जॉइंटवर. नुसता तीन-नऊला असेल तर बहुधा टाय रॉड एंड, म्हणजे स्टिअरिंगचा भाग. बेअरिंग की बॉल जॉइंट, याची युक्ती तुझ्या दाजींनी मला शिकवली: कुणालातरी आत बसवून ब्रेक दाबून धरायला सांगायचं आणि पुन्हा चाक हलवायचं. ब्रेक दाबल्यावर हब नि नकल एकमेकांना जखडले जातात. प्ले नाहीसा झाला तर तो बेअरिंगचा होता, तसाच राहिला तर दुसरीकडचा.

मग पुढच्या चाकासाठी गाडी न्यूट्रलला आण, चाक हाताने सावकाश फिरव आणि दुसरा हात सस्पेन्शनच्या स्प्रिंगवर बाहेरून नुसता टेकव, बोटं वेटोळ्यांच्या आत घालायची नाहीत. चांगलं बेअरिंग असेल तर हाताला काहीच लागत नाही. गेलेलं असेल तर वाळू चुरडावी तशी किरकिर स्प्रिंगमधून हातात येते. ब्रेक पॅडचं हलकं घासणं येईल, ते वेगळं, फेरीत ठरावीक जागी सर-सर असं. एका बाजूचं चाक फिरवून झालं की दुसऱ्या बाजूचंही फिरव. दोन्हींतला फरक सगळ्यात खरं बोलतो. आणि ऐक, प्ले नाही म्हणजे बेअरिंग चांगलं, असं नसतं. सुरुवातीच्या कितीतरी महिन्यांत आवाज असतो, प्ले नसतो. "ताई, चाक हललं नाही, बेअरिंग ओके आहे" असं कुणी म्हणालं तर स्प्रिंगवर हात ठेवून फिरवायला सांग.

आणखी एक खूण उष्णतेची. अर्धा तास चालवून, शेवटी शक्य तितका कमी ब्रेक वापरून थांब आणि दोन्ही बाजूंच्या चाकांच्या मधोमध हात जवळ ने, लावू नकोस. एकच बाजू जास्त गरम असेल तर काहीतरी घासतंय. ते बेअरिंग असेल, चिकटलेला ब्रेकही असेल. ज्या गाड्यांत चाकाचा वेग मोजणारा सेन्सर बेअरिंगजवळ असतो, त्यात प्ले वाढला की डॅशबोर्डवर एबीएसचा दिवाही लागू शकतो.

इतकं झालं की गॅरेजमध्ये काय बोलायचं ते तुझं तुलाच सुचेल. फक्त "बेअरिंग बदला" असं सांगू नकोस. खुणा सांग, आणि "तुम्हाला काय वाटतं?" विचार. चांगला कारागीर खुणा ऐकून खूश होतो. तो स्वतः एक चक्कर मारून येईल, गाडी लिफ्टवर घेऊन हात लावून बघेल. जो न बघता अंदाज सांगेल, त्याच्याकडून गाडी परत घे, भांडण न करता.

आता दुरुस्ती. तुझ्या हातचं नाही हे काम, स्पष्टच सांगते. चाक बदलणं, टायर फिरवणं, प्ले बघणं हे तू कर. बहुतेक लहान गाड्यांचं पुढचं बेअरिंग नकलमध्ये दाबून बसवलेलं असतं, ते काढायला-घालायला हायड्रोलिक प्रेस लागतो. लहान गॅरेजवाल्याकडे तो नसला तर तो नकल खोलून लेथच्या दुकानात नेतो, त्यात लाज काही नाही. नाही नेला आणि हातोडा काढला, तर लाज आहे. काही गाड्यांना हब आणि बेअरिंग एकच जोड म्हणून येतं. ते तीन-चार बोल्ट काढून बदलतं, महाग असतं, पण ठोकाठोकीचा प्रश्नच येत नाही. तुझ्या गाडीला कुठलं ते पार्ट नंबरवरून कळेल.

काम कसं चालतं ते सांगते, म्हणजे उभी राहून बघताना काय बघायचं ते कळेल. आधी हबच्या मधला मोठा एक्सल नट. त्याची कड चेपून शाफ्टच्या खाचेत बसवलेली असते, ती छिन्नीने उचलायची आणि ब्रेक दाबून धरून लांब दांड्याने नट सोडवायचा. मग चाक, ब्रेकचा कॅलिपर, डिस्क. कॅलिपर तारेने वर टांगून ठेवायचा. तो रबरी पाइपवर लोंबकळताना दिसला तर लगेच टोक, आतून पाइप तुटला तर ब्रेक जातो. मग सेन्सर, टाय रॉड एंड, लोअर आर्मचा बॉल जॉइंट, आणि वरचे शॉकॲब्सॉर्बरचे दोन बोल्ट. हे बोल्ट काढण्याआधी जागेची खूण करून ठेवली तर चाकाचा कल पुन्हा जुळवताना सोपं जातं.

नकल बाहेर आला की प्रेसवर हब काढतात. जुन्या बेअरिंगची आतली रेस पुष्कळदा हबलाच अडकून येते, ती पुलरने काढायची. मग लॉकची गोल रिंग काढून उरलेलं बेअरिंग दाबून बाहेर. नकलचं भोक नि हब साफ करून बघायचं. हबवर जिथे रेस बसते तिथे खोल ओरखडे असतील तर नवा हब घ्यावा लागेल, त्या वेळी "लुटतात" म्हणू नकोस. भोकच सैल झालं असेल तर नकल बदलणं हा खरा उपाय. आतून पंच मारून खुणा उमटवायच्या आणि त्यावर नवं बेअरिंग घट्ट बसवायचं, हा जुगाड मी पाहिलाय. चार दिवस घट्ट राहतं, पुन्हा सैल होतं.

नवं बेअरिंग बसवताना सगळी गंमत एकाच नियमात आहे, तो मात्र पाठ कर. नकलमध्ये बसवताना दाब बाहेरच्या रेसवर, हब घालताना आधार आतल्या रेसला. हा जोर चुकीच्या रेसवर आला तर तो छर्र्यांमधून जातो आणि रेसवर खळगे पडतात. म्हणजे खोक्यातून काढलेलं कोरं बेअरिंग गाडीत बसायच्या आधीच खराब. हातोड्याने ठोकल्यावर तेच होतं. "गेल्याच वर्षी बदललं होतं, पुन्हा आवाज" अशी तक्रार घेऊन जे येतात, त्यातल्या पुष्कळांचं दुखणं इथलं असतं. एबीएसच्या बऱ्याच गाड्यांत बेअरिंगच्या एका सीलमध्ये चुंबकाचा पट्टा असतो. ती बाजू सेन्सरकडेच हवी, उलटी बसली तर सगळं पुन्हा खोला. आणि लोखंडाचा चुरा पडलेल्या टेबलावर ती बाजू ठेवू नये, चुरा चिकटतो.

शेवटी एक्सल नट. जो नट कड चेपून बसवतात, तो नवाच घ्यायचा, पैसे फार नसतात. तो टॉर्क पान्याने, कंपनीच्या आकड्याला आवळायचा, मग कड खाचेत चेपायची. गाडीगणिक आकडा वेगळा, म्हणून मी सांगत नाही, मॅन्युअलमध्ये असतो. हा नट नुसतं चाक धरत नाही, बेअरिंगच्या आत छर्रे किती दाबून बसावेत तेही तोच ठरवतो. सैल राहिला तर प्ले, फाजील आवळला तर उष्णता. नुसत्या हवेच्या गनने घुर्र करून सोडून दिलं तर "टॉर्क पाना लावा" म्हण. तोंडावर म्हण, काही होत नाही. आणि तो नट आवळल्याशिवाय गाडी त्या चाकावर टेकवून इकडेतिकडे ढकलायची नाही.

एक खुळचट सल्ला तुला नक्की मिळेल: "थोडं ग्रीस भरतो, टाइट करतो, चालेल." आपल्या काकांच्या जुन्या जीपला ते चालायचं. तिच्या पुढच्या चाकांना निमुळत्या रोलरचं बेअरिंग होतं, खोलून, रॉकेलने धुऊन, ग्रीस भरून, नट जुळवून परत बसवता यायचं. ॲम्बेसेडर-पद्मिनीच्या जमान्यातले कारागीर त्यातच मुरलेले. तुझ्या गाडीचं बेअरिंग सीलबंद आहे. त्यात ना ग्रीस भरता येतं, ना ते जुळवता येतं.

दोन्ही बाजूंचं बदलायचं का? नाही. ब्रेक पॅड जोडीने बदलतात, शॉकॲब्सॉर्बर जोडीने बदलतात. बेअरिंग जे गेलं तेच. दुसऱ्या बाजूचं तपासून घे, ते शांत असेल तर राहू दे.

माल कुणाचा घ्यायचा? गाडीच्या कंपनीचा पार्ट, नाहीतर नावाजलेल्या बेअरिंग कंपनीचा. एसकेएफचा कारखाना तर आपल्या चिंचवडलाच आहे. एनबीसी जयपूरची, 1946 पासूनची. टिमकेनचा कारखाना जमशेदपूरला आहे. याच नावांची हुबेहूब खोकी छापून नकली माल विकला जातो, म्हणून "कंपनीचंच आहे" एवढ्यावर विसंबू नकोस. अधिकृत विक्रेत्याकडून घे, पक्कं बिल घे. एसकेएफचं खरं-खोटं ताडायला 'एसकेएफ ऑथेंटिकेट' नावाचं त्यांचं मोबाइल ॲप आहे. लहान गाडीचं सुटं बेअरिंग साधारण हजार ते अडीच हजारांच्या घरात बसतं, हबसकट जोड त्याहून महाग. त्यात शे-दोनशे वाचवायला जाऊ नकोस. पार्ट स्वस्त मिळाला तरी खोलायची मजुरी पुन्हा तेवढीच पडते.

जुनं बेअरिंग मागून घे. गिऱ्हाइकाने मागितलं की काम सांभाळून होतं, हे गल्ल्यावरचं गुपित. आणि ते स्वतः बघ. आत तांबूस गंज आणि दुधाळ ग्रीस असेल तर पाणी शिरलं होतं. मग पुढच्या पावसात साचलेल्या पाण्यातून काढायच्या आधी विचार कर, आणि धुताना जोराच्या पाण्याचा फवारा चाकाच्या मध्यावर धरायला देऊ नकोस. रेसवर ठरावीक अंतरावर खळगे असतील तर कुठेतरी जबर आपटलंय, नाहीतर बसवताना ठोकलंय. निळसर, काळपट झालं असेल तर तापलंय. आणि नुसत्या खपल्या निघाल्या असतील, तर बिचारं आपलं आयुष्य जगून गेलं.

सगळं झाल्यावर अलाइनमेंट तपासून घे, कारण स्टिअरिंगचे नि सस्पेन्शनचे जोड खोलले आहेत. ती एक तपासणी, तिच्या नावाखाली नवे टायर नकोत. एबीएसचा दिवा विझलाय का बघ. शंभर-दोनशे किलोमीटर झाल्यावर चाकाचे नट पुन्हा एकदा आवळून घे.

आता तू विचारशील, तोवर चालवू का? नुसता घूं आहे, प्ले नाही, दिवा नाही, तर गॅरेजपर्यंत आणि गावातल्या गावात, सावकाश. पण कोकणात जायचा बेत पुढे ढकल. घाट, भरलेली गाडी आणि पाऊस, तिन्ही त्याच चाकावर येतात. घरघर मोठी झाली असेल, चाक हलत असेल, स्टिअरिंग थरथरत असेल किंवा चाकाकडून जळका वास येत असेल, तर चालवत नेऊच नकोस, टोइंग मागव. बेअरिंग पूर्ण तुटलं की चाक जागेवर राहीलच याची खात्री नसते. "अजून महिनाभर काढू" म्हणणारे आमच्याकडे येतात तेव्हा बेअरिंगबरोबर हब, कधी नकल, कधी ड्राइव्ह शाफ्टही गेलेला असतो, आणि बिल कितीतरी पटींनी वाढलेलं असतं.

तेव्हा या रविवारी आधी टायरवर हात फिरव, मग पहाटेचा चौक, मग जॅक. सोमवारी गॅरेजला जा, एकटी जा. काम झाल्यावर पैसे द्यायच्या आधी कारागिराला शेजारी बसव आणि त्याच रस्त्यावर, त्याच साठच्या वेगात, तू स्वतः चक्कर मार. आवाज गेला की नाही ते तुझा कान ठरवेल, आणि मगच पर्स उघड.